कतारला गेलेले छत्तीस किलो

चंद्रपूरला जाऊन आले म्हटलं की मुंबईत लोक एकच विचारतात, "वाघ दिसला का?" नाही दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते. मी परकीय गुंतवणूक बघायला गेले होते, आणि तीसुद्धा काही सहजासहजी दर्शन देत नाही.

माझी नोकरी काय आहे हे माझ्या सख्ख्या बहिणीला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही, म्हणून आधी ते सांगून टाकते. देशाबाहेर राहणाऱ्या कोणाचा आपल्याकडच्या कंपनीत दहा टक्के किंवा जास्त हिस्सा असला, की त्याला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. अशा कंपन्या दरवर्षी एक फॉर्म भरतात. बाहेरून किती आले, बाहेर किती गेले, कुठल्या देशात गेले. आम्ही वातानुकूलित खोलीत बसून त्याची बेरीज करतो, आणि ती वर्तमानपत्रात छापून आली की लोक चहा पिता पिता देशाची काळजी करतात. पंचवीस वर्षं मी ही बेरीज करते आहे. एकही गुंतवणूक मी डोळ्यांनी पाहिली नव्हती. एका बेटावरच्या एकाच पत्त्यावर चारशे कंपन्या राहतात, त्यातल्या निम्म्यांचे मालक आमच्याच ऑफिससमोरच्या इमारतीत जेवायला जातात, आणि तरी तो पैसा परकीय. फॉर्म नीट भरलेला असतो ना, मग झालं.

या वर्षी पडद्यावर एक चमत्कार उगवला. गडचिरोली जिल्ह्यातल्या पिंपळटोला नावाच्या वस्तीतल्या मच्छीमारांच्या कंपनीत कतारमधल्या भागीदाराचा बारा टक्के हिस्सा. त्याला दिलेला लाभांश, ३६. आमचा फॉर्म लाख रुपयांत असतो. म्हणजे छत्तीस लाख!

आमचे साहेब हरखून गेले. त्यांना परदेशात एका परिषदेत भाषण करायचं होतं. नकाशावर बाण काढलेले, सगळे बाण आपले मुंबई, दिल्ली, बंगळूर. साहेबांनी दोहाहून निघून थेट जंगलात घुसणारा एक हिरवा बाण काढून घेतला, आणि खाली मथळा दिला, 'विकासाचा ओघ तळागाळापर्यंत'. मग कोणीतरी म्हणालं, खात्री केलेली बरी. खात्री करायला माणूस हवा होता, आणि एप्रिलच्या उन्हात जायला बाकी सगळ्यांच्या घरी लग्नं होती. माझ्या घरी नव्हतं.

सिंदेवाही

नागपूरहून एसटीने सिंदेवाहीला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी देवगडची. उकाडा मला नवा नाही, पण आमचा उकाडा घामाचा. इथला घामसुद्धा येऊ देत नाही, वरच्यावर वाळवून टाकतो. ऑफिसने दिलेल्या टॅबने बाहेर काढताक्षणी 'उपकरण तापले आहे' असं लिहून डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मला प्रवासभत्ता होता.

लॉजवाल्याने विचारलं, "धानाच्या संशोधन केंद्रात आल्या का?" गावात भाताचं मोठं संशोधन केंद्र आहे, आणि बाहेरून आलेलं माणूस बियाण्यासाठीच आलं असणार ही इथली पक्की समजूत. मी म्हटलं, गुंतवणूक मोजायला आले. तो म्हणाला, "हाव का," आणि रजिस्टरमध्ये 'धान' लिहिलं. जेवायला भात, भाताबरोबर तांदळाची भाकरी, आणि वर मालकाचा प्रश्न, "बाई, अजून थोडा भात वाढू?" कोकणी माणसाला भाताचं कौतुक सांगू नये, पण खरं सांगते, मी तीनदा घेतला.

तो फॉर्म भरणारे सलीमभाई बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतात. पन्नाशीचे, कानावर पेन, आणि समोर रांग. सातबारा, आधार, शिष्यवृत्ती, सगळ्या तालुक्याचे फॉर्म त्यांच्या बोटांतून सरकारात जातात. मी ओळखपत्र दाखवलं, तशी त्यांनी रांगेला हाताने थांबवलं आणि मला स्टूल दिलं.

"मॅडम, मले वाटलंच होतं कोणी तरी येईन."

"छत्तीस लाख कुठून आले, सलीमभाई?"

"लाख?" त्यांचा चेहरा पडला. "लाख नाई जी. किलो. छत्तीस किलो सुकी मासळी. कतारवाल्या पोट्ट्याचा वाटा."

मी कपाळावर हात मारला. "अहो, वर 'रक्कम लाख रुपयांत' असं लिहिलंय की!"

"ते बारीक अक्षरात हाये. अन् मासळीले लाखात कसं लिवू? मी कंपनीच्या अध्यक्षबाईले बोल्लो, हे खाली, म्हंजे कोरं सोडू का? तं फारम खाली सोडूच देत नव्हता, नुसता लाल लाल होऊन राह्यला होता. शब्द बी घेत नव्हता. आकडा मांगला, मी आकडा दिला."

"मग शून्य टाकायचं!"

"शून्य कसं टाकू मॅडम? खाली सही होती, सगळी माहिती खरी हाये म्हणून. अन् वाटा तं गेला होता."

पंचवीस वर्षांत शेकडो कंपन्यांनी मला शून्य पाठवलं होतं, चांगल्या मोठ्या वकिलांकडून तपासून घेऊन. मासळीसुद्धा सोडायला तयार नसलेली ही पहिलीच.

सलीमभाईंनी मग आवाज खाली आणला. पिंपळटोल्याच्या तलावाचा ठेका मे अखेर संपत होता. बावीस ढिवर मच्छीमार कुटुंबं त्या एका तलावावर जगतात. नूतनीकरणाचा अर्ज गेला, तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी हा कतारचा फॉर्म बघितला आणि अर्ज बाजूला ठेवला. नियम असा की ज्या संस्थेत परदेशातला भागीदार, तिला गावतलाव देता येत नाही. नागपूरचा एक ठेकेदार दोनदा तलाव बघून गेला होता. आता सगळं अडलं होतं ते आमच्या ऑफिसच्या एका कागदावर. भागीदार परकीय आहे की नाही, एवढंच त्यावर लिहायचं होतं.

"तुमी लिवाल तसं होईन," सलीमभाई म्हणाले. साहेबांना बाण हवा होता, पिंपळटोल्याला तलाव. आणि मधे मी, तापलेला टॅब घेऊन.

पिंपळटोला

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच सलीमभाईंच्या स्कूटरवर बसून निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, खाली फुलं वेचणाऱ्या बाया, आणि हवेत तो गोड आंबूस वास. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. पूल संपल्यावर स्कूटरने एका खड्ड्यात मला अलगद उतरवून दिलं आणि सलीमभाई पंचवीस पावलं पुढे जाऊन बोलत राहिले. मला काही झालं नाही. साडीला झालं, ते जाऊ दे.

तलाव म्हणजे मोठाच, पलीकडचा काठ धुरकट दिसेल एवढा. त्या दिवशी जाळं होतं. बाया आणि पुरुष छातीभर पाण्यात उभे राहून दोर ओढत होते. काठावर हुकूम सोडत उभ्या होत्या कंपनीच्या अध्यक्ष पार्वताबाई शेंडे. साठीच्या, बारीक अंगाच्या, पदर कमरेला. त्यांचाच मुलगा नामदेव हा आमचा कतारचा गुंतवणूकदार. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पडल्या वाटते. बसा. आदी मासोळी वाटू, मंग तुमचा कागद."

टॅब सकाळच्या गारव्यात शुद्धीवर आला होता. ऑफिसचं अ‍ॅप म्हणालं, गुंतवणुकीच्या मालमत्तेचा फोटो काढा. काढला. मग विचारलं, इमारतीला मजले किती. मी तलावाकडे बघितलं आणि शून्य लिहिलं. ते लाल झालं. एक लिहिलं, तेव्हा खूश झालं.

आता वाटे कसे करतात ते ऐका, कारण हे मी आमच्या ऑफिसात सांगते तेव्हा कोणाला खरं वाटत नाही. मासळी पळसाच्या पानांवर ढीग ढीग मांडतात. मोठा रोहू, मरळ, झिंगे, सगळ्या ढिगांत सारखं पडेल असं. मग वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, कवडूभाऊ, तलावाकडे पाठ करून बसतो. एक बाई ढिगावर बोट ठेवते आणि विचारते, "हा कोणाचा?" कवडूभाऊ न बघता नाव घेतात. "हा कोणाचा?" दुसरं नाव. ढीग लहान पडला तरी तक्रार नाही, कारण ज्याने नाव घेतलं त्याने ढीग पाहिलेलाच नसतो. आमच्याकडे रापणीला दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, पण वाटा करणारा डोळे उघडे ठेवून करतो आणि भांडणं दुपारपर्यंत चालतात. इथे दहा मिनिटांत आटपलं.

ढीग तेवीस होते. "हा कोणाचा?" असं शेवटच्याला विचारलं, आणि कवडूभाऊ म्हणाले, "नामदेवचा."

"नामदेव तर दोहाला," मी म्हटलं.

"मुलकाबाहेर हाये म्हणून का वाटा बुडवाचा?" पार्वताबाई म्हणाल्या. नामदेवचा ढीग त्यांनी स्वतः टोपलीत भरला. तो चिरून, मीठ लावून वाळवायचा, आणि सिरोंच्याच्या राजम्मा नावाच्या बाईकडे पोचवायचा. तिच्याकडून माणसं पुढे नेतात. वर्षाला छत्तीस किलो.

मी माझी वही काढली. "कागदावर नामदेवचा हिस्सा बारा टक्के आहे. मग वाटा एकच कसा?"

"तलाव आटला त्या साली मासोळीचं बीज टाकाले पैसे त्यानं धाडले. म्हणून कागदावर बारा. पोट तं एकच हाये ना त्याले?"

पाव किलोच्या आतले रोहू त्यांनी ढीग मांडण्याआधीच परत पाण्यात सोडले होते. आमच्या नियमपुस्तकात याला पुनर्गुंतवणूक म्हणतात. पुस्तकाप्रमाणे त्या पिल्लांतली बारा टक्के पिल्लं दोहाची होती. ती कुठली ते मात्र मला ओळखता आलं नाही.

पुस्तकात असंही लिहिलंय की थेट गुंतवणूकदाराचा कारभारात प्रभाव पाहिजे. मी विचारलं, नामदेव कारभारात काही सांगतो का? सगळे हसले. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता त्याचा फोन येतो. सगळी वस्ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून ऐकते. पाणी किती, तूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचा, बीज कुठून आणायचं, सगळं तो विचारतो आणि सांगतो. चारशे कंपन्यांच्या त्या बेटावरून आजवर कोणीही फोन करून पाणी किती आहे असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

पार्वताबाईंच्या घरी जेवायला वाळवलेल्या कैरीच्या फोडी घातलेलं मरळीचं कालवण होतं. समुद्राकाठच्या माणसाला गोड्या पाण्याचा मासा म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. मी नाक मुरडूनच पहिला घास घेतला. मग बोलायचं थांबले. आईशप्पथ, आमच्या कोकमाला तोड आहे हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

जेवण झाल्यावर पार्वताबाईंनी सरळच विचारलं. "बाई, माहा पोरगा परका हाये का?"

"वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहणारा, बाहेर कमावणारा, तो आमच्या हिशेबी परकीय," मी म्हटलं. "नियम आहे."

"अन् मंग तलाव?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. उंच काचेच्या इमारतीपुढे हेल्मेट घालून उभा नामदेव. "आमच्या टोल्यातून विमानात बसलेला पह्यला पोरगा. डफडे वाजवत स्टेशनवर नेलता. अन् त्याच्याच पायी आमचा तलाव जाईन?" पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं होतं. मला माझा सगळा नियम तोंडात कडू लागला. खोटं लिहिता येणार नव्हतं. ज्यांनी मासळीसुद्धा खरी लिहिली त्यांच्यासाठी मी खोटं लिहायचं, हे कसं जमणार?

साहेबांचा फोन आला. किलो ऐकून ते क्षणभर खचले, पण बाण सोडायला तयार नव्हते. "रक्कम लहान का असेना, ओघ आहे ना? वस्तुरूप लाभांश! हे तर अधिकच सुंदर आहे. मासळी निघते तिथला फोटो आणा." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण मला सिरोंच्याला जायचंच होतं. मासळी देशाबाहेर खरोखर जाते का, हे मी पाहिलेलं नव्हतं, आणि तेवढीच एक फट उरली होती.

सिरोंचा

चामोर्शी, आष्टी, अहेरी असा दिवसभराचा प्रवास. अहेरीला आठवडी बाजार भरला होता. गाडी तासभर थांबली तेव्हा मी डिंक, चारोळी आणि एक बांबूची टोपली घेतली, जी मला पुढे मुंबईपर्यंत मांडीवर वागवावी लागली. आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल आणि रस्त्याची हाडं. शेजारच्या बाईने सांगितलं, "मागच्या सीटवर नोको बसू, दात पडतीन." तिचे दोन पडलेले होते, पण त्या रस्त्यानेच का, ते विचारायचं राहिलं.

सिरोंच्याला दुकानांच्या पाट्या मराठीत आणि दुकानातलं बोलणं तेलुगूत. पलीकडे गोदावरीचं रुंद वाळवंट, त्यावर पूल, आणि पुलापलीकडे तेलंगण. राजम्माचं घर नदीच्या वाटेवर होतं. ठेंगणी, हसरी, कपाळभर कुंकू. दाराशीच सुक्या मासळीची गाठोडी रचलेली, प्रत्येकावर खडूने नाव. एकावर 'नामदेव'. मी फोटो काढला.

"अक्का, हे दोहाला कधी जातं?" मी विचारलं.

"दोहा?" राजम्मा हसली. "लेदु, लेदु! दोहा नै. हैदराबाद. मेरा बेटा हर हप्ते झिंगे बेचने जाता, वहीच देता. नामदेव का काम वहाँ, बडी बिल्डिंग बन रही, उधर पंप चलाता." आणि मग माझा चेहरा बघून तिने तोंडावर हात ठेवला. "अय्यो. उसकी माँ को नै बोलना था."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोहातलं काम दोन उन्हाळ्यांपूर्वीच बंद पडलं होतं. दहा दिवसांची मुदत देऊन सगळ्यांना परत पाठवलं. नामदेव हैदराबादला विमानातून उतरला आणि पुढे घरी जायचं धैर्यच झालं नाही. डफडी वाजवून पाठवलेला माणूस रिकाम्या हाताने कसा परतणार? तो तिथेच राहिला. मिळेल त्यातून पैसे पाठवत राहिला. हैदराबादला त्याची सुट्टी रविवारी, पण दोहात सुट्टी शुक्रवारी असते म्हणून दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत उपाशी राहून, इंटरनेटवरून दोहाच्या जुन्याच नंबराने घरी फोन करत राहिला.

मी राजम्माच्या ओसरीवर बसले. पंचवीस वर्षं देशाची सीमा ओलांडणारा पैसा मोजणारी बाई मी, आणि इथे सीमा कोणी ओलांडलेलीच नव्हती! वर्षाच्या वर भारतात राहणारा, भारतात कमावणारा. नामदेव शेंडे आपल्या नियमाने पक्का स्वदेशी होता. बाण खलास. तलाव वाचला. मला उडी मारावीशी वाटायला हवी होती. पण कागदावर भागीदाराचा राहण्याचा पत्ता येतो, आणि त्या कागदावर अध्यक्ष म्हणून त्याच्या आईची सही लागते. दोहा लिहिलं तर साहेब खूश, आईची मान ताठ, आणि बावीस घरं उघडी पडणार. हैदराबाद लिहिलं तर तलाव राहतो आणि आई सगळ्या वस्तीसमोर खोटी पडते.

राजम्माने नंबर लावून दिला. मागे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

"मॅडम, पाया पडतो," नामदेव म्हणाला. "दोहाच लिवा. माय मरून जाईन."

"तुझ्या दोहामुळे तलाव चाललाय, माहीत आहे का तुला?" माझा पारा चढला. "ठेका अडलाय. नागपूरचा ठेकेदार काठावर येऊन गेला."

त्याला माहीत नव्हतं. आई शुक्रवारी पाण्याबद्दल बोलायची, ठेक्याचं बोलली नव्हती. परमुलखात पोराला कशाला घोर लावा, म्हणून. दोघं एकमेकांना जपत बसले होते, आणि मधल्या मधे तलाव निघाला होता. 

"हैदराबाद लिवा," तो शेवटी म्हणाला. "पण मायले मी सांगतो. शुक्रवारपर्यंत थांबा."

साहेबांना कळवलं. "पण बाणाचं काय?" ते म्हणाले. मी म्हटलं, बाण हैदराबादहून निघतो, देशातल्या देशात. ते म्हणाले, तो दुसऱ्या खात्याचा विषय आहे. "आणि तुम्ही शुक्रवारपर्यंत तिथे काय करणार?" मी म्हटलं, वाट बघणार. ते दिवस रजेत धरले जातील असं त्यांनी सांगितलं. धरा म्हटलं.

पुन्हा पिंपळटोला

शुक्रवारी दुपारी बारा वाजता पाळीवर सगळी वस्ती जमली. सलीमभाईंनी फोनचा आवाज मोठा करून मधे ठेवला. माझ्या पिशवीत कागद होता, 'भागीदार भारताचा रहिवासी, हैदराबाद' असं लिहिलेला. 

फोन वाजला. पार्वताबाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, पाणी चार बोटं उतरलं, बीज अमुक ठिकाणचं घेऊ.

"माय, थांब," नामदेव म्हणाला. "मी दोहाले नाई. हैदराबादले हावो. दोन उन्हाळे झाले."

आणि मग तो सांगत गेला, कुठेही न अडखळता, जणू काही रोज घोकून ठेवलं होतं. काम कसं बंद पडलं, स्टेशनपर्यंत येऊन दोनदा कसा परत गेला. पार्वताबाई फोनकडे बघत होत्या, हलल्या नाहीत. मला वाटलं, आता ही बाई उठून घरात जाईल आणि दार लावून घेईल.

कवडूभाऊंनी घसा खाकरला. "मंग त्याचा वाटा नाई," ते म्हणाले.

मी चमकले. "असं काय करता, कवडूभाऊ?"

"माह्या आज्यापासूनचा नेम हाये, बाई. मुलकाबाहेर असन, त्याचा वाटा काठावर ठेवाचा. एका रातीच्या वाटेवर असन, त्यानं येऊन जाळ्याले हात लावाचा. नाई लावला तं वाटा नाई. हैदराबादची गाडी राती बसली का सकाळी बल्लारशा." त्यांनी पार्वताबाईंकडे पाहिलं. "अध्यक्ष तू हायेस. तू सांग."

माझ्या नियमपुस्तकात कोण रहिवासी आणि कोण नाही यावर चाळीस पानं आहेत. सगळे पार्वताबाईंकडे बघत होते. त्यांनी वाकून फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"आयकलं का नामदेव? दोन उन्हाळे तू हक्काचा नसलेला वाटा खाल्ला. आता तुहा वाटा बंद."

"हाव माय."

"बुधवारी जाळं हाये. ये अन् दोर धर."

पलीकडून रडका आवाज आला. "माय, लोक काय म्हणतीन?"

"लोक इथीच बसून हायेत," पार्वताबाई म्हणाल्या. "सगळ्यायनं आयकलं. आता म्हणाचं काई उरलं नाई."

कोणीतरी नाक ओढलं. कवडूभाऊ असावेत, किंवा मीच. फोनवर नामदेवने विचारलं, बुधवारी किती वाजता.

"उजाडताच," त्या म्हणाल्या, फोन सलीमभाईंच्या हातात दिला, पदराने डोळे नाही, हात पुसले, आणि माझ्याकडे वळल्या. "आना बाई तुमचा कागद. सही कुठी कराची ते दाखवा."